मॅक्वीनचे शो बघायची माझी रीत

पहिलं काम म्हणजे रील बघणं बंद करा. अलेक्झांडर मॅक्वीन हा ब्रिटिश फॅशन डिझायनर म्हटलं की हल्ली सगळ्यांना तेच तीन-चार तुकडे माहीत असतात. पांढऱ्या झग्यातल्या मुलीवर रंग उडवणारे यंत्रमानव, आरशांच्या पेटीत भिरभिरणारे पतंग-किडे, हवेत तरंगणारी मॉडेल केट मॉस आणि ते फूटभर उंचीचे बूट. प्रत्येक तुकडा पंधरा-वीस सेकंदांचा, वरून भलतंच गाणं चिकटवलेलं. हे तुकडे बहुतेक करून शोच्या शेवटाचे असतात. त्याआधी पन्नास-साठ कपडे समोरून चालत गेलेले असतात आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघितलेलं नसतं.

मी सांगलीत शिवणक्लास चालवते. येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींना ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिकायचा असतो. काही जणी फॅशन डिझाइनच्या कोर्सला असतात. त्यांना चित्रं झकास काढता येतात, पण बाही चढवता येत नाही, म्हणून त्या माझ्याकडे येतात. त्यांच्या अभ्यासात मॅक्वीन असतो. शनिवारी दुपारची बॅच सुटली की क्लासमधल्या टीव्हीवर आम्ही त्याचे शो लावतो. त्यातून बसत गेलेली ही पद्धत आहे. तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नसला तरी चालेल, फक्त घाई नको.

चरित्र आधी वाचू नका, एवढंच पुरे. जन्म १९६९, लंडन. वडील टॅक्सी चालवायचे. सोळाव्या वर्षी शाळा सोडून हा पोरगा सॅव्हिल रोवर अँडरसन अँड शेपर्ड या शिंप्यांकडे उमेदवारीला लागला. सॅव्हिल रो म्हणजे पुरुषांच्या सुटांसाठी नावाजलेला लंडनमधला रस्ता. मग गीव्ह्ज अँड हॉक्स, तेही तिथलेच, आणि त्यानंतर नाटकांना कपडे पुरवणारे एंजल्स अँड बर्मन्स. म्हणजे कोटाच्या पोटातला कॅनव्हास हातानं कसा टाचायचा हे तो एका ठिकाणी शिकला आणि जुन्या काळातले कपडे कसे बेतले जायचे हे दुसऱ्या ठिकाणी. तेव्हाच्या युवराज चार्ल्सच्या कोटाच्या अस्तराखाली आपण शिवी लिहून ठेवली होती, असं तो सांगायचा. खरं-खोटं त्याचं त्याला ठाऊक. १९९२ साली सेंट्रल सेंट मार्टिन्समधून तो एम. ए. झाला, तेव्हा इझाबेला ब्लो या स्टायलिस्ट बाईंनी त्याचे त्या परीक्षेचे सगळे कपडे पाच हजार पौंडांना, हप्त्याहप्त्यानं, विकत घेतले. १९९६ ते २००१ तो पॅरिसच्या जिव्हाँशी या फॅशन घराण्याचा मुख्य डिझायनर होता आणि त्याच वेळी लंडनमध्ये स्वतःचे शोही करत होता. ११ फेब्रुवारी २०१० रोजी, चाळिसाव्या वर्षी, त्यानं आत्महत्या केली. आईला जाऊन दहा दिवसही झाले नव्हते.

हा शेवट माहीत असू द्या आणि बघायला बसताना बाजूला ठेवा. कवटी दिसली, काळा रंग दिसला, की ‘बघा, त्याच्या मनात तेव्हापासूनच होतं’ म्हणणारे पुष्कळ आहेत. अशानं शो दिसत नाही, बघणाऱ्याला स्वतःचंच शहाणपण तेवढं दिसतं.

बघायची तयारी

यूट्यूबवर बरेचसे शो पूर्ण मिळतात. शोचं नाव इंग्रजीत लिहून शोधा आणि पुढे सीझन लिहा. इथे एक घोळ कायम होतो. फॅशनमधला सीझन म्हणजे कपडे दुकानात यायचा हंगाम. शो त्याच्या सहा महिने आधी होतो. ‘स्प्रिंग-समर १९९९’ असं लिहिलेला शो प्रत्यक्षात सप्टेंबर १९९८ मध्ये झालेला असतो. तारखा जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका.

१९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या चित्रफिती धूसर आहेत, कॅसेटवरून उतरवलेल्या. त्यांत कापडाचा पोत कळत नाही. म्हणून शेजारी फोटो उघडून ठेवा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०११ साली त्याच्या कपड्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, ते बघायला साडेसहा लाखांवर माणसं आली. २०१५ साली तेच प्रदर्शन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेलं, तिथे शेवटी शेवटी रात्रभर दारं उघडी ठेवावी लागली. दोन्ही म्युझियमांच्या संकेतस्थळांवर कपड्यांचे स्वच्छ फोटो आहेत, कापड काय, अस्तर काय तेही लिहिलेलं आहे. शो आणि हे फोटो जोडीनं बघितले तर निम्मं काम झालं.

प्रत्येक शो तीनदा बघायचा. पहिल्यांदा आवाजासकट, मध्ये न थांबता. दिवे बंद करा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. मॅक्वीनला नाटकाची हौस होती, तर एकदा त्याच्या नाटकाला शरण जायचं. घाबरायचं तिथे घाबरा.

दुसऱ्यांदा आवाज बंद. हे सगळ्यात महत्त्वाचं. संगीत गेलं की भीती, करुणा, थरार निम्म्यानं ओसरतो आणि नुसता कपडा उरतो. वही-पेन्सिल घ्या. लॅपटॉपवर बघत असाल तर चित्र थांबवून कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण दाबा, एकेक फ्रेम पुढे सरकते. स्वल्पविरामानं मागे. मी मुलींना चारच जागा बघायला सांगते: खांदा, कंबर, जोड आणि पाठ. खांदा टोकदार आहे की उतरता? कंबर तिच्या जागी आहे की वर-खाली सरकवली आहे? जोड बाजूला आहेत की अंगावरून भलत्याच वाटेनं गेलेत? आणि पाठ. कॅमेरेवाला पुढूनच बघत असतो, त्यामुळे मुलगी वळेपर्यंत थांबा आणि तिथे चित्र गोठवा.

पाठ का, तर त्याच्या सगळ्यात गाजलेल्या विजारीसाठी. ‘बम्स्टर’ म्हणतात तिला. कंबर इतकी खाली उतरवली की मागून माकडहाडाखालची फट दिसावी. लोकांना त्यात चावटपणा दिसला. त्याचं म्हणणं होतं की पाठीच्या कण्याचं खालचं टोक हा अंगाचा सगळ्यात सुंदर भाग आहे आणि त्याला धड लांब दिसायला हवं होतं. चित्र थांबवून मोजपट्टी लावा: पाय आखूड, धड लांब. शाळेत ‘पाय लांब दिसले पाहिजेत’ एवढंच शिकवतात. ह्यानं उलट करून दाखवलं. आणि एवढी खाली आणलेली कंबरपट्टी चालताना घसरत नाही, ते कापण्याचं कसब आहे. नेफा आणि नाडीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी त्यावर जरा विचार करावा.

तिसऱ्यांदा फक्त चालणाऱ्या मुली बघा. पाय कुठे पडतात, हात मोकळे आहेत का, श्वास घेता येतोय का. कपड्यात माणूस असतो हे विसरलं जातं, म्हणून ही तिसरी फेरी.

कुठून सुरुवात

सुरुवात ‘नंबर थर्टीन’पासून करा, सप्टेंबर १९९८ चा, लंडनमधला. यंत्रमानवांची रील ह्याचीच. शलोम हार्लो ही मॉडेल लाकडी फिरत्या चकतीवर उभी राहते, पांढरा झगा, छातीवर पट्टा, आणि मोटारींच्या कारखान्यातले दोन यंत्रमानव जागे होऊन तिच्यावर काळा आणि पिवळा रंग फवारतात. मागे सॅँ-सान्स या फ्रेंच संगीतकाराचं हंसाचं संगीत. सुंदर आहे, नाही कोण म्हणतं? पण आमच्याकडे नियम आहे, दुसऱ्या फेरीत हा शेवट बघायचाच नाही. त्याऐवजी आधीची एक मुलगी शोधा, एमी मलिन्स. ती धावपटू, दोन्ही पाय लहानपणीच गुडघ्याखाली काढावे लागलेले. तिच्यासाठी मॅक्वीननं लाकडाचे कोरीव पाय करून घेतले, वेलबुट्टीचे. बघायला आलेल्या कित्येकांना ते उंच बूट वाटले. पंख्यासारखा उघडलेला लाकडी घागरा, साच्यावर ओला करून बसवलेली चामड्याची चोळी, हेही त्याच शोमध्ये आहे. लाकूड, चामडं, हातकाम यांनी भरलेला शो, आणि शेवट यंत्रांच्या हाती. रीलमध्ये फक्त यंत्रं उरली.

पहिल्याच शनिवारी एखादी विचारतेच, ‘बाई, हे घालून जायचं कुठं?’ कुठंच नाही. दुकानात विकायचे कोट आणि विजारी त्याच शोमध्ये अधेमधे आहेत, दिव्यांच्या झगमगाटात लक्षात येत नाहीत इतकंच. वहीत खूण करत चला: हा कपडा विकायचा, हा दाखवायचा. मी तर म्हणते विकायचेच जास्त नीट बघा, कारण तिथे लपायला जागा नसते.

ज्या शोवरून शिव्या खाल्ल्या

आता ‘हायलंड रेप’. हा एकटा बघू नका. ह्याची जोडी आहे २००६ चा ‘विडोज ऑफ कलोडन’. दोन्ही एकाच दिवशी, एकापाठोपाठ लावा, आणि मध्ये चहा घ्या, लागतो.

मार्च १९९५, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमपाशी उभारलेला तंबू. मुली अडखळत, झोकांड्या देत येतात. लेसचे कपडे फाटलेले, छाती उघडी, अधूनमधून मॅक्वीन घराण्याच्या टार्टनचे, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाचे, तुकडे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी झोडपलं: हा माणूस बायकांचा द्वेष करतो, बलात्काराचा तमाशा करतो. त्याचं उत्तर होतं की हा बलात्कार इंग्लंडनं स्कॉटलंडवर केलेला आहे. त्याचे पूर्वज स्कॉटिश. १७४६ ची कलोडनची लढाई, त्यानंतर हायलंडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, लोकांना जमिनीवरून हुसकावणं, हा तो इतिहास. आणखी एक गोष्ट त्यानं स्वतः सांगितली होती, की लहानपणी त्यानं मोठ्या बहिणीला तिच्या नवऱ्याच्या हातचा मार खाताना पाहिलं होतं आणि आपण कपडे करतो ते बाईची भीती वाटावी म्हणून.

मग खरं कुणाचं? माझं मत सांगते, तुम्ही तुमचं बनवा. इतिहास त्याचा खरा आहे, बहिणीचंही खरं आहे. पण तंबूत बसलेल्या माणसाला आधी फाटक्या कपड्यातली मुलगी दिसते, स्कॉटलंड नंतर कुणीतरी समजावून सांगावं लागतं. जी गोष्ट सांगायला शोनंतर मुलाखत द्यावी लागते ती कपड्यानं सांगितलेली नसते. आवाज बंद करून बघितलं तर मात्र वेगळंच दिसतं. टार्टनची जाकिटं बघा. चौकटीच्या कापडात जोडावर चौकट जुळवणं काय दिव्य असतं ते ज्यानं शिवलंय त्याला विचारा. खांदे घट्ट, कमरेत आवळलेले, सॅव्हिल रोचा हात स्पष्ट. ती जाकिटं घातलेल्या बाईची खरंच भीती वाटते. फाटकी लेस घातलेल्या बाईची कीव येते. त्याला पहिलं हवं होतं आणि त्यानं दुसरंही मिसळलं, असं मला वाटतं.

मुलींमध्ये ह्यावर एकमत कधी झालेलं नाही. एकीनं ठामपणे सांगितलं होतं की फाटकी लेस नसती तर कुणी वळूनही बघितलं नसतं आणि आज आपण इथे बसून बोललो नसतो. तेही आहेच.

चहा झाला की ‘विडोज ऑफ कलोडन’ लावा. पॅरिस, मार्च २००६. तोच इतिहास, तेच टार्टन, पण आता लढाईत मेलेल्यांच्या विधवा. कुणी अडखळत नाही. ताठ चालतात. तितरासारख्या फेझंट पक्ष्याच्या पिसांचा पायघोळ झगा, डोक्यावर सांबरशिंगं आणि त्यांवरून सोडलेला लेसचा बुरखा. लेस दोन्ही शोमध्ये आहे हे लक्षात घ्या: एकात फाडलेली, दुसऱ्यात अख्खी. शेवटी काचेच्या पिरॅमिडमध्ये केट मॉस उगवते, झालरी पाण्यात सोडल्यासारख्या हलतात, आणि विरून जाते. होलोग्राम म्हणतात सगळे, पण युक्ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश रंगभूमीवरची आहे. तिरकी काच लावायची, प्रतिमा दुसरीकडून टाकायची, प्रेक्षकाला हवेत भूत दिसतं. अकरा वर्षांपूर्वी ज्या गोष्टीसाठी शिव्या खाल्ल्या, तीच गोष्ट ह्या माणसानं बाईचा मान ठेवून पुन्हा सांगितली. हे जोडीनं बघितल्याशिवाय कळत नाही.

पिसं, शिंगं, शिंपले ह्यांचं काय, हा प्रश्न आमच्याकडे एका शाकाहारी घरातल्या मुलीनं काढला. तिला मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या फेरीत तिनं आपल्या वहीत त्याचा वेगळा रकाना केला, तुम्हीही करा.

हात चालवायचा तर

नुसतं बघून काही शोंमध्ये शिरता येत नाही. ‘आयरेरे’ हा ऑक्टोबर २००२ चा शो, बुडणाऱ्या जहाजाच्या चित्रफितीनं सुरू होतो. त्यातला ‘ऑयस्टर ड्रेस’ प्रसिद्ध आहे: वर छातीशी फाटल्यासारखं पातळ कापड आणि कमरेखाली ऑर्गन्झाच्या थरांवर थर, शिंपल्याच्या कडांसारखे. तो कसा केला ते सारा बर्टन यांनी सांगितलेलं आहे. त्या तेव्हा त्याच्या हाताखाली होत्या, पुढे त्याच्या माघारी त्यांनीच ते घराणं सांभाळलं. ऑर्गन्झाची शेकडो वर्तुळं कापली, एकमेकांना जोडली आणि मॅक्वीननं घागऱ्यावर पेनानं काढलेल्या नागमोडी रेषांवर ती बसवत गेले.

हे घरी करून बघा. मांजरपाट नको, कडक पडतो. जुनी ऑर्गन्झाची ओढणी घ्या. ताटलीएवढं वर्तुळ कापा, मधोमध वाटीएवढं भोक पाडा, एका बाजूनं कातर मारून वर्तुळ उघडा. आता आतली कड सरळ ओढून धरा. बाहेरची कड आपोआप लाटा मारू लागते, एकही चुणी न घालता. आपल्या अंब्रेला घागऱ्याचंच तत्त्व आहे, पट्टीइतकं लहान केलेलं. अशी दहा वर्तुळं टोकाला टोक जोडा आणि जुन्या परकरावर खडूनं वाकडीतिकडी रेषा मारून तिच्यावर टाचा. रेषा सरळ मारलीत तर झालर दिसेल, बाळाच्या झबल्याची. रेषा वाकवलीत तर समुद्र दिसायला लागतो. टोकं दुमडत बसू नका, कच्चीच ठेवा. ऑर्गन्झा उरेब, म्हणजे तिरका, येतो तिथे कमी उसवतो, आणि वर्तुळात उरेब भाग बराच असतो.

हे करून मग पुन्हा तो झगा चालताना बघा. मागचा घोळ किती जड आहे आणि ती मुलगी तो कसा ओढतेय, ते आता तुमच्या हाताला कळेल.

आरशाची पेटी

‘व्हॉस’, सप्टेंबर २०००, लंडन. ह्या एका शोला मी पूर्ण दुपार देते. त्या दिवशी प्रेक्षक आरशाच्या मोठ्या पेटीभोवती बसले होते. शो तासभर उशिरा सुरू झाला. तेवढा वेळ फॅशनच्या जगातली बडी बडी मंडळी समोर स्वतःचंच तोंड बघत बसली होती, नजर कुठे ठेवावी कळत नव्हतं, आणि आत मॅक्वीन पडद्यावर त्यांची चुळबुळ बघत होता. नंतर त्यानं हे मजेनं सांगितलं. मग आतले दिवे लागले, आणि पेटी म्हणजे वेड्यांच्या इस्पितळातली खोली असल्याचं दिसलं. आतल्या मुलींना बाहेरचं काही दिसत नव्हतं.

यूट्यूबवर तो तास नसतो, म्हणून आम्ही तो स्वतः आणतो. टीव्ही बंद करून काळ्या पडद्यासमोर पाच मिनिटं गप्प बसायचं. हसू येतं, मग कंटाळा येतो, मग प्रत्येक जण ओढणी नीट करायला लागते. तेवढं झालं की शो लावायचा.

कपड्यांत बघण्यासारखं इतकं आहे की निवडावं लागतं. एरिन ओ’कॉनरनं घातलेला रेझर क्लॅम शिंपल्यांचा झगा चुकवू नका. शिंपले नॉर्फोकच्या किनाऱ्यावरचे, एकेक धुऊन, वॉर्निश करून, भोक पाडून ओवलेले. आणि ती चालता चालता ते हातानं ओरबाडून तोडते. आमच्या वर्गात इथे नेहमी कुणीतरी ‘अगं बाई’ म्हणतंच, कारण टिकल्या लावण्यात किती रात्री जातात हे त्या जाणतात. दुसरा एक झगा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्या काचपट्ट्यांचा, लाल रंगवलेल्या, खाली लाल शहामृगाची पिसं. तिसरा एकोणिसाव्या शतकातल्या जपानी रेशमी पडद्याच्या भरतकामाचा. तो बघताना मला अजूनही पोटात तुटतं, कारण जुनं भरतकाम कापायला कातर धरणाऱ्याचा हात थरथरायला हवा.

शेवटी मधली काळी पेटी फुटते आणि आत मिशेल ओली ही लेखिका, जाडजूड अंगाची, उघडी, तोंडावर नळीचा मुखवटा, भोवती पतंग. जोएल-पीटर विटकिन या छायाचित्रकाराच्या एका चित्रावरून घेतलेलं. लोक म्हणतात किळसवाणं. त्या खोलीत किळस येण्यासारखं काय होतं, बाईचं अंग की तासभर आरशात बघितलेली तोंडं, ते तुम्ही ठरवा. मला मॅक्वीनचा ‘व्हॉस’मधला हिशेब चोख वाटतो. इथे समजावून सांगायला मुलाखत लागत नाही.

वाटेत लागणारे काही

‘अनटायटल्ड’, सप्टेंबर १९९७: पारदर्शक रस्त्याखालच्या पाण्यात काळी शाई पसरते, मग वरून पाऊस. मूळ नाव इतकं आचरट होतं की प्रायोजकानं हरकत घेतली, म्हणून हे ‘बिननावाचा’ नाव. शॉन लीन यांनी घडवलेला धातूचा पाठीचा कणा ह्यात आहे, त्यासाठी बघा.

‘आय’ (Eye, डोळा), न्यूयॉर्क, १९९९: मुस्लिम बायकांच्या पेहरावावरून घेतलेले कपडे, पाण्यातून वर येणारे खिळे. ह्यात मला त्याचं काहीच पटत नाही. दुसऱ्याचा बुरखा केवळ धक्क्यासाठी वापरलाय. वाद म्हणून बघा, कपडे म्हणून फार मिळणार नाही.

‘इट्स ओन्ली अ गेम’ बुद्धिबळाचा. लहान मुलांबरोबर बघायला हा एकच चालेल.

भारतातून गेलेलं

‘द गर्ल हू लिव्ह्ड इन द ट्री’, पॅरिस, फेब्रुवारी २००८. मॅक्वीन त्याआधी भारतात फिरून गेला होता. त्याच्या गावाकडच्या घराच्या बागेत एक जुनं एल्म झाड होतं, त्यावरून त्यानं गोष्ट रचली: झाडावर राहणारी रानटी मुलगी खाली उतरते, राजपुत्राला भेटते, राणी होते. पहिला निम्मा शो काळा. मग एकदम लाल, सोनेरी, हस्तिदंती, इंग्रज राणीचे झगे आणि भारतीय जडजवाहीर एकत्र. टाचा गेल्या, पायात सपाट जडावाच्या चपला आल्या.

इथे आपण घरचे असल्यासारखे बघतो आणि त्यामुळेच घसरतो. मुलींना आधी अभिमान वाटतो. मग कुणी विचारतं की हे राज्य कुणाचं, राणी कुणाची? साम्राज्याचा इतिहास परीकथा करून दाखवलाय. स्कॉटलंडच्या बाबतीत जो माणूस इतका चिडतो, तो भारताच्या बाबतीत दागिने बघून खूश होतो. मला हे खटकतं आणि तरी लेसचे दोन मोर चढवलेला तो हस्तिदंती झगा मी थांबवून थांबवून बघते. लेसमधून मोर कापून नेटवर असा बसवलाय की कुठे टाका दिसत नाही. पैठणीच्या पदरावरचे मोर बघत वाढलेल्या डोळ्यांनाही मान डोलवावी लागते.

शेवटचे दोन

‘द हॉर्न ऑफ प्लेंटी’, मार्च २००९. हा मुद्दाम उशिरा बघा, कारण इथे मॅक्वीन स्वतःच आपले जुने शो पुन्हा बघतोय. मध्यभागी कचऱ्याचा ढीग आणि तो ढीग त्याच्याच आधीच्या शोंच्या सामानाचा, काळा रंग मारलेला. सगळीकडे मंदी, दुकानं ओस, आणि हा माणूस फॅशनलाच कचऱ्यात बसवतो. पॅरिसच्या दिओर घराण्याचा जुना घेरदार थाट, जिव्हाँशीच्या खुणा, मोठ्या चौकड्यांचं हाउंडस्टूथ, फुगवलेले लाल ओठ, फिलिप ट्रेसींच्या टोप्या. कचऱ्याच्या पिशव्यांसारखं दिसणारं कापड, शिवलेलं मात्र राजवाड्यात जाण्याजोगं. आधीचे शो बघितले असतील तर ढिगातल्या वस्तू ओळखा. मुली पैज लावतात.

आणि ‘प्लेटोज अटलांटिस’, ६ ऑक्टोबर २००९. कल्पना अशी की बर्फ वितळून समुद्र चढलाय आणि माणूस परत पाण्यात जाणारा प्राणी होतोय. छायाचित्रकार निक नाइट यांच्या संकेतस्थळावरून शो थेट जगभर दाखवला. लेडी गागानं आपलं नवं गाणं त्यात वाजणार असल्याचं जाहीर केलं आणि इतके लोक तुटून पडले की संकेतस्थळ बंद पडलं. आज कुठलाही मोठा शो घरबसल्या बघतो त्याची सुरुवात इथून जवळच आहे. रुळांवर सरकणारे दोन कॅमेरे मुलींना न्याहाळतात. बूट ‘आर्माडिलो’, जवळजवळ तीस सेंटिमीटरचे. काही मॉडेलनी ते घालायला नकार दिला होता. तिसऱ्या फेरीत पायांकडेच बघा. कुणी पडत नाही.

दुसऱ्या फेरीत मात्र बूट विसरून छपाई बघा. सापाची कातडी, पतंगाचे पंख संगणकावर जुळवून प्रत्येक कपड्याच्या बेतानुसार छापलेले आहेत. ठाणातून कापलेलं कापड नव्हे. टक्स कुठे येणार, कंबर कुठे आवळणार, हे आधी ठरवून त्या जागी नक्षी दाट केली आहे. सॅव्हिल रोवर टार्टनच्या चौकटी जुळवायला शिकलेला हात आता संगणकात चौकट जुळवतोय. १९९५ चं एक टार्टनचं जाकीट आणि ह्यातला एक आखूड झगा यांचे फोटो शेजारी ठेवा आणि जोडावर बोट ठेवून बघा.

त्यानंतरचे सोळा कपडे तो गेल्यावर, मार्च २०१० मध्ये, पॅरिसमध्ये मोजक्या लोकांना दाखवले. नाटक नाही, पाऊस नाही, यंत्रं नाहीत. त्याचे फोटो मिळतात, तेवढे बघा.

लंडनला कुणी भाचा-पुतणी राहत असेल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात त्याचे कपडे आहेत. कायम मांडलेले असतील असं नाही, जाण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या. एखादा समोर आलाच तर पुढून फोटो काढायची घाई करू नका, तो सगळ्यांकडे आहे. मागून फिरा, खाली वाका, काठाची दुमड हातानं घातलीय की यंत्रानं ते बघा, आणि मला कळवा.